तेंच गाणें, पुन्हां वाजवितांना

सन १९३२ मध्यें न्यूयॉर्क शहरीं एक चमत्कारिक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत १८ गाणीं होतीं, आणि प्रत्येक गाणें दोनदां छापलेलें होतें. पहिल्यानें तें बाजारांत सुट्या कागदावर विकलें जाई त्या स्वरूपांत, म्हणजे शब्द, गळ्यासाठीं चाल आणि पियानोवर साथ करण्याजोगे सोपे स्वर. आणि त्याच्या पाठोपाठ त्याच गाण्याचें ध्रुवपद, या खेपेस शब्दांवांचून, केवळ पियानोसाठीं, पुष्कळच अवघड व भरगच्च रीतीनें मांडलेलें. पुस्तकाचें नांव ‘जॉर्ज गर्श्विन्स साँग-बुक’. कर्ता अर्थात् जॉर्ज गर्श्विन. त्यानें त्या वेळीं वयाची पस्तिशीहि गांठलेली नव्हती. तरी त्याचीं गाणीं अमेरिकेंत घरोघर वाजत होतीं. घरोघर वाजणारीं गाणीं पुन्हां छापण्याचें, आणि तींहि दोन दोन वेळां, या माणसाला कारण काय पडलें?

या प्रश्नाचें उत्तर त्यानें प्रस्तावनेंतच दिलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लोकप्रिय गाणें अल्पायुषी असतें, आणि त्याच्या मृत्यूचें कारण लोकांची उपेक्षा नसून लोकांचें प्रेम हेंच होय. तें इतक्या वेळां गाइलें व वाजविलें जातें कीं, त्या भाराखालीं तें दडपून जातें. ग्रामोफोन निघाल्यापासून, आणि त्याहूनहि रेडिओ सर्वत्र पसरल्यापासून, हा भार फार वाढला. ही तक्रार नभोवाणीवरून ऐकविली जावी यांत थोडी गंमत आहे. परंतु म्हणून ती खोटी ठरत नाहीं. याच प्रस्तावनेंत दुसरीहि एक कबुली आहे. मित्रमंडळींच्या बैठकींत तींच तींच गाणीं वाजवावीं लागत असल्यामुळें त्यांत नाना प्रकारचे फरक करण्याची गर्श्विनला संवय जडली, आणि त्या संवयींतूनच हें पुस्तक जन्मास आलें. म्हणजे पुन्हां पुन्हां वाजविण्यानें गाणें मरतें, आणि पुन्हां पुन्हां वाजविण्यानेंच तें वाढतेंहि. मरतें केव्हां आणि वाढतें केव्हां, हें पाहावयाचें तर चाळीस वर्षें मागें जावें लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील मध्यमवर्गीय घरांत पियानो ही चैनीची वस्तु राहिली नव्हती. बैठकीच्या खोलींतील तें एक आवश्यक सामान होऊन बसलें होतें. सन १९०९ या एका वर्षांत त्या देशांत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. या पियानोंना गाणीं हवीं होतीं, आणि गाणीं म्हणजे छापील पानें. चार्ल्स हॅरिस याच्या ‘आफ्टर द बॉल’ या १८९२ मधील गाण्याच्या लक्षावधि प्रति खपल्या, आणि गाणें हा एक मोठा व्यापार होऊं शकतो हें सर्वांच्या ध्यानांत आलें. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर प्रकाशकांच्या कचेऱ्या एकीस एक लागून उभ्या राहिल्या. प्रत्येक कचेरींत एकाच वेळीं अनेक पियानो वाजत असत. त्या गोंगाटावरून त्या भागाला ‘टिन पॅन ॲली’, म्हणजे पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, असें नांव पडलें.

या गल्लींत छापलेलें पान मोठ्या हिशेबानें तयार केलेलें असे. त्यावर तीन ओळी असत: वरची गळ्याची, खालच्या दोन पियानोच्या उजव्या व डाव्या हातांच्या. उजवा हात बहुधा गाणाराचीच चाल वाजवीत राही, म्हणजे गाणारा चुकला तरी चाल सांपडे. डावा हात साधा ठेका धरी. बोटांना फार ताण पडेल असें कांहींहि त्यांत नसे. याचें कारण गर्श्विननेंच मिस्किलपणें सांगितलें आहे: हीं पानें विकत घेणारांत मोठा भरणा लहान हातांच्या, नुकत्याच शिकूं लागलेल्या मुलींचा असे. अशा मुलीला पहिल्याच संध्याकाळीं जें वाजवितां येणार नाहीं, तें दुकानांतून उचललें जाणार नाहीं.

हें पान लिही कोण, हीहि एक मनोरंजक गोष्ट आहे. चाल बांधणाराला ती लिहितां येतच असे असें नाहीं. ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ या १९११ च्या गाण्यानें जगभर गाजलेला अर्व्हिंग बर्लिन हा पियानो वाजवी तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवर, एकाच सुरांत. निराळा सूर हवा असल्यास तो एक दांडा सरकवून सबंध पियानोच त्या सुरांत आणी. अशी सोय असलेला पियानो त्यानें मुद्दाम बाळगला होता. त्याची चाल ऐकून ती कागदावर उतरविणारा व तिच्याखालीं साथीचे स्वर घालणारा माणूस पगारी असे. त्याला अरेंजर म्हणत. गाण्याच्या वेष्टनावर कर्त्याचें नांव असे, गाणाराचें छायाचित्रहि असे. परंतु मुलीच्या बोटांखालीं जे स्वर प्रत्यक्ष येत, ते लिहिणाराचें नांव बहुशः कोठेंहि नसे.

अशा या बाजारांत सन १९१४ मध्यें पंधरा वर्षांचा एक मुलगा नोकरीस लागला. जॉर्ज गर्श्विनचा जन्म २६ सप्टेंबर १८९८ रोजीं ब्रुकलिन येथें, रशियांतून आलेल्या एका ज्यू कुटुंबांत झाला होता. घरांत पियानो आला तो १९१० मध्यें, थोरला भाऊ आयरा याच्यासाठीं. परंतु धाकटा जॉर्ज त्यावर बसला आणि त्यानें एक प्रचलित गाणें सफाईनें वाजवून दाखविलें. एका मित्राच्या घरीं आपोआप वाजणारा पियानो होता; त्याच्या पट्ट्या कशा खालीं जातात तें पाहून हा मुलगा मनाशीं शिकला होता. पुढें त्याला चार्ल्स हॅम्बिट्झर यांच्यासारखे चांगले गुरु लाभले. परंतु शाळा सोडून तो रेमिक या प्रकाशकाकडे आठवड्याला १५ डॉलरवर राहिला, आणि त्याचें दुसरें शिक्षण तेथें सुरू झालें.

त्याचें काम प्लगरचें, म्हणजे गाणीं वाजवून दाखवून तीं गळीं उतरविण्याचें. एका लहानशा खोलींत पियानोपाशीं दिवसभर बसावयाचें; नाटकांतल्या व तमाशांतल्या गाणाऱ्या बाया व पुरुष येतील त्यांना कंपनीचीं नवीं गाणीं ऐकवावयाचीं; ज्याचा गळा ज्या पट्टींत लागेल त्या पट्टींत तेंच गाणें तत्काळ वाजवून दाखवावयाचें. एकाला तें संथ हवें, दुसऱ्याला नाचावयास हवें. एकच गाणें दिवसांतून कितीदां वाजवावें लागे याला सुमार नाहीं. असें काम करणारापुढें दोनच मार्ग असतात: एक तर बोटें यंत्र होतात, नाहीं तर प्रत्येक खेपेस बोटें कांहींतरी नवें शोधूं लागतात. गर्श्विनचीं बोटें शोधूं लागलीं. वाक्याच्या शेवटीं गाणारा श्वास घेतो ती पोकळी कशी भरावी, त्याच चालीखालीं निराळे स्वर धरले तर तिचा रंग कसा पालटतो, हें त्याला तेथें कळलें. त्याची स्वतःची चाल मात्र प्रथम छापली ती १९१६ मध्यें, दुसऱ्याच एका प्रकाशकानें.

पान आणि बोटें यांत किती अंतर असतें याचा अनुभव त्याला लवकरच आला. १९१९ मध्यें त्याचें ‘स्वानी’ हें गाणें न्यूयॉर्कच्या एका मोठ्या नाट्यगृहांत थाटामाटानें सादर झालें. बाहेर पानें विक्रीस मांडलीं होतीं, परंतु खप होईना. पुढें एका मेजवानींत गर्श्विन तेंच गाणें पियानोवर वाजवीत असतां प्रसिद्ध नट-गायक ॲल जोल्सन याच्या कानांवर तें पडलें. त्यानें तें आपल्या खेळांत घेतलें, १९२० च्या आरंभीं त्याची तबकडी निघाली, आणि त्या पानांचा खप लाखांवर गेला. पान तेंच होतें. फरक पडला तो तें वाजविणाऱ्या बोटांचा व गाणाऱ्या गळ्याचा.

परंतु कायद्याच्या दृष्टीनें गाणें म्हणजे पानच होतें. छिद्रें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर चालणारे पियानो निघाले, तेव्हां प्रकाशकांनीं त्याबद्दल मोबदला मागितला. सन १९०८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, गुंडाळी माणसाला वाचतां येत नाहीं, म्हणून ती गाण्याची प्रत नव्हे. दुसऱ्याच वर्षीं नवा कायदा होऊन प्रत्येक गुंडाळीमागें दोन सेंट गाण्याच्या मालकास मिळूं लागले. तथापि ती गुंडाळी वाजवून भरणारा वादक, ज्याच्या हातचें कसब लोक पैसे देऊन घरीं नेत होते, त्याचा त्या दोन सेंटांत वांटा नव्हता. गर्श्विननें स्वतः अशा पुष्कळ गुंडाळ्या भरल्या.

याच गुंडाळ्यांच्या धंद्यांत त्याला हार्लेममधील कृष्णवर्णीय वादकांची विद्या जवळून ऐकावयास मिळाली. त्यांचा अग्रणी जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५). या मंडळींच्या शैलीला ‘स्ट्राइड’, म्हणजे लांब ढांगा टाकणारी, असें म्हणतात. कारण त्यांचा डावा हात पहिल्या व तिसऱ्या ठोक्यास खर्जांतील स्वर घेऊन दुसऱ्या व चौथ्या ठोक्यास एकदम मधल्या सप्तकांतील स्वरपुंजावर, म्हणजे कॉर्डवर, उडी घेतो. त्यामुळें एकटा पियानो ढोल, खर्जाचें तंतुवाद्य आणि सबंध बँड यांचें काम करतो. जॉन्सनच्या ‘कॅरोलायना शाउट’ची गुंडाळी हळू फिरवून, खालीं जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटें ठेवून, ड्यूक एलिंग्टनसारखा पुढें मोठा झालेला संगीतकार तरुणपणीं शिकला. हार्लेममध्यें घरभाड्याचे पैसे जमविण्यासाठीं भरणाऱ्या मेजवान्यांत हे वादक रात्रभर स्पर्धा करीत. तेथें दुसऱ्याचें गाणें जसेंच्या तसें वाजविणाराला मान नव्हता.

आतां १९३२ च्या पुस्तकाकडे वळलें म्हणजे त्यांतील दुसरी मांडणी काय करते हें उलगडतें. गळा काढून घेतला कीं पियानोपुढें पहिली अडचण उभी राहते ती अशी कीं, पियानोचा स्वर उमटतांच विरूं लागतो. गाणारा जो स्वर लांबवितो तो पियानोला लांबवितां येत नाहीं. म्हणून ती जागा दुसऱ्या कशानें तरी भरावी लागते. उजव्या हाताच्या करंगळीकडे चाल जाते, आणि त्याच हाताचीं उरलेलीं बोटें तिच्याखालीं स्वर धरतात; डावा हात आठ पट्ट्यांऐवजीं दहा पट्ट्यांचें अंतर कवेंत घेऊन भरदार खर्ज देतो; आणि या दोहोंच्या मधोमध एखादी तिसरीच लहान चाल निघते. ‘द मॅन आय लव्ह’ हें गाणें पाहावें. त्याची चाल त्याच त्या लहानशा आकृतीकडे वारंवार परत येते; ती तशीच वाजविली तर कंटाळा येईल. परंतु तिच्याखालीं मधला एक स्वर अर्ध्या अर्ध्या स्वरानें उतरत जातो, त्यामुळें वरची तीच आकृति प्रत्येक वेळीं अधिक उदास भासते. तेंच वाक्य पुन्हां, परंतु पायाखालची जमीन बदललेली: मांडणीचें सारें मर्म यांत आलें.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ही कल्पना परकी वाटूं नये. बंदिश दोन-चार ओळींचीच असते, आणि ती कोणाला ठाऊक नसते असेंहि नाहीं. गवई ती कशी भरतो हें ऐकावयास लोक जमतात. फरक इतकाच कीं, गवई बहुधा चाल फुलवितो, आणि पियानोवादक पुष्कळदां चाल तशीच ठेवून तिच्या खालचें व आंतलें स्वरांचें घर पालटतो.

वाजवावें कसें याविषयींहि गर्श्विननें उपदेश केला आहे. स्वर लांबविणारें पायाखालचें पेडल फार दाबूं नये. शोपँच्या रचनांना शोभणारा तो धूसर गोडवा या गाण्यांना मारक आहे. हीं गाणीं तुटक, ठसठशीत, कोरल्यासारखीं वाजलीं पाहिजेत. आपल्याआधींच्या लोकप्रिय पियानोवादकांचीं नांवें घेऊन त्यांचें ऋणहि त्यानें मोकळेपणानें मान्य केलें आहे. त्यांत हार्लेमचा लकी रॉबर्ट्सहि आहे. अनामिक राहणाऱ्या हातांना नांवें देण्याचें हें काम लहान नव्हे.

तथापि हें पुस्तक म्हणजे गर्श्विनचें वाजविणें नव्हे. १९२६ मध्यें लंडन व न्यूयॉर्क येथें त्यानें आपल्या गाण्यांच्या कांहीं तबकड्या पियानोवर भरल्या. त्यांतील ‘स्वीट अँड लो-डाउन’, ‘क्लॅप यो हँड्स’ इत्यादि गाणीं पुस्तकांतहि आहेत. परंतु तबकडींतील विस्तार निराळा व लांब, आणि पुस्तकांतील आटोपशीर. दोन्ही त्याचेच, दोन्ही अस्सल, आणि एकहि अखेरचें नव्हे. मेजवानींत रात्रीं उशिरापर्यंत पियानोवरून न उठणारा हा माणूस तिसऱ्या दिवशीं आणखी कांहीं वाजवीत असला पाहिजे. पुस्तकानें त्यांतील एक संध्याकाळ कागदावर धरली, एवढेंच.

आणि तें पुस्तक निघालें त्याच सुमारास तें वाजविणारीं घरें कमी होत चाललीं होतीं. १९२० नंतर कांहीं वर्षें तयार होणाऱ्या पियानोंपैकीं निम्म्याहून अधिक आपोआप वाजणारेच होते. पुढें ग्रामोफोन सुधारला, रेडिओ आला, १९२९ ची आर्थिक मंदी कोसळली, आणि १९३२ मध्यें पियानोंची पैदास १९०९ च्या मानानें अगदींच अल्प उरली. लहान हातांची जी मुलगी सोपें पान घेऊन बसे, तिच्या थोड्या अशुद्ध वाजविण्यांतहि तिचें स्वतःचें कांहीं असे. कधीं ती अवघड स्वर गाळी, कधीं कानाला गोड लागलेला एखादा स्वर जास्त घाली. नकळत तीहि अरेंजरच होती. तबकडी मात्र शंभराव्या खेपेसहि पहिल्या खेपेसारखीच वाजते. गर्श्विन म्हणतो तो भार हाच. गाणें पुष्कळदां ऐकल्यानें झिजत नाहीं. तें पुष्कळदां एकाच रीतीनें ऐकल्यानें झिजतें.

यंत्राचा सर्वस्वीं तोटाच झाला असें मात्र नाहीं. १९३३ मध्यें आर्ट टेटम (१९०९–१९५६) या जवळजवळ अंध असलेल्या कृष्णवर्णीय वादकानें ‘टी फॉर टू’ या नाटकी गाण्याची तबकडी भरली. टेटम स्वतः लहानपणीं गुंडाळ्या ऐकून शिकलेला. दोन-तीन स्वरांवर झुलणारी ती भोळी चाल त्याच्या हातीं अशी कांहीं चमकूं लागली कीं, तालेवार वादकांनीं ती ऐकून तोंडांत बोटें घातलीं. परंतु ही चमक कळण्यास मूळ गाणें ऐकणाराच्या मनांत आधींच घर करून असावें लागतें. तें घर सोप्या पानानें केलें होतें.

ही विद्या मुंबईच्या किनाऱ्यालाहि लागली. शिकागोंत नांव कमावलेला टेडी वेदरफोर्ड (१९०३–१९४५) हा स्ट्राइड शैलीचा वादक शांघाय वगैरे शहरें करीत १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. पुढें तो कलकत्त्यास गेला आणि तेथेंच १९४५ मध्यें पटकीनें वारला. मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा भरणा असे. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन येत असे, आणि अमेरिकन गाण्यांच्या मांडण्या त्यांच्या हातांखालून रोज जात. त्याच जातीचे वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत शिरले, आणि चालीला वाद्यवृंदाचा साज चढविण्याचें काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांसारख्या अरेंजरांनीं केलें. चाल कोणाची हें पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळके. साज कोणाचा हें फार वर्षें थोड्यांनाच ठाऊक असे. टिन पॅन ॲलींतील पगारी लेखकाची गोष्ट येथेंहि पुन्हां घडली.

गर्श्विन ११ जुलै १९३७ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें अवघ्या ३८ व्या वर्षीं निवर्तला. त्याच्यामागून पर्सी ग्रेंजर, अर्ल वाइल्ड यांसारख्या नामांकित वादकांनीं त्याचीं गाणीं पियानोवर नव्यानें मांडलीं, आणि जाझच्या वादकांनीं तर तीं आपल्या रोजच्या शिध्यांत घेतलीं. ज्या गाण्यांना तो अल्पायुषी समजत होता, त्यांनीं शंभरी गांठली. त्यांना वांचविलें तें तबकड्यांनीं जितकें, तितकेंच पान समोर ठेवून पानाबाहेर जाणाऱ्या हातांनीं.

त्या पुस्तकांतील दोन दोन मांडण्यांचा अर्थ यावरून ध्यानांत येतो. पहिली मांडणी सांगते, हें गाणें असें आहे. दुसरी सांगते, हें असेंहि होऊं शकतें. तिसऱ्या मांडणीसाठीं पुस्तकांत पान ठेवलेलें नाहीं. ती ज्याच्या घरीं वाद्य आहे त्यानें करावयाची आहे.